जीपच्या पाठीतले चार खण

सगळ्यात आधी सांगून टाकते, खण मी बनवले. वडिलांनी नाही, शेडमधल्या सुताराने नाही, आणि मधुकर सरांनी तर नाहीच नाही. करवत मी चालवली, अंगठ्यावर हातोडाही मीच मारून घेतला. तो अंगठा अजून जांभळा आहे. कुणाला शंका असेल त्याने येऊन बघावा.

रेल्वेचा संप झाला त्याच वर्षीची, दिवाळीच्या सुट्टीनंतरची ही गोष्ट. सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत मुलांचं स्काउट आहे आणि मुलींचं गाईड. मुलं दर वर्षी सापुताऱ्याला जातात, तंबू ठोकून राहतात, शेकोटी करतात आणि परत आल्यावर महिनाभर वाघाच्या थापा मारतात. आम्ही मुली सकाळी डुमसला जातो, वाळूत बसून भेळ खातो आणि दिवेलागणीच्या आत घरी येतो. ह्या वर्षी आमच्या गाईडच्या प्रमिलाबाईंनी ठरवलं की आपणही सापुताऱ्याला जायचं. आम्ही आठ जणी आठवडाभर हवेत होतो. मग उपमुख्याध्यापक मधुकर सर वर्गात आले आणि त्यांनी आम्हाला जमिनीवर उतरवलं.

अडचण सामानाची होती. माधवीचे वडील, मुकुंदकाका, त्यांची जीप द्यायला तयार होते. मागून उघडी असलेली ही जीप. तिच्यातून ते पर्वत पाटिया भागात सुताच्या पेट्या पोचवतात. पण जीप एकच आणि फेरीही एकच. तंबू, दोर, पातेली, शिधा, वळकट्या भरल्या की मुलींना जागा नाही, आणि मुली बसवल्या की सामानाला नाही. मुलं गेल्या वर्षी सामानाच्या ढिगावर बसून गेली होती, पण मुलींना तसं बसवून घाट चढणं सरांना पटेना.

"काय ते एक ठरवा," सर हसत म्हणाले. "सामान न्यायचं की मुली न्यायच्या."

वर्ग हसला. मागच्या वर्षी मीही हसले असते. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात तोंडच उघडत नसे. घरी आम्ही अहिराणी बोलतो, आणि माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निघालं की मागच्या बाकांवर खिदळणं सुरू व्हायचं. पण जूनमध्ये दोराच्या गाठींची परीक्षा झाली, मी डोळे बांधूनसुद्धा सगळ्या गाठी मारल्या, आणि बाईंनी मला तुकडीची नायिका केलं. तेव्हा मला एक शोध लागला. मोठ्याने बोललं की लोक आधी दचकतात आणि मग ऐकतात. इतकं सोपं होतं. मला उगाच आठवीपर्यंत थांबावं लागलं.

तर मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, दोन्ही नेऊ."

कसं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ते घरी गेल्यावर कळलं. आम्ही उधन्याला राहतो. खोली एकच, माणसं पाच. माझे वडील लोटू पाटील लूमच्या शेडमध्ये जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग ठीक करतात. त्या संध्याकाळी ते खाटेवर पडले होते आणि आई खाटेखाली हात घालून गव्हाचा डबा ओढत होती. डब्यामागे तांदळाचा डबा, त्यामागे ट्रंक, ट्रंकेमागे माझी जुनी पुस्तकं. मी दारातच थांबले. आमच्या घरात सगळं मावतं, कारण सामान खाली असतं आणि माणसं वर. जीपची खाट करायची, बस. वर फळ्या, फळ्यांवर आम्ही, आणि खाली मागून ओढता येतील असे लांब खण.

वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, रविवारी मी करून देतो. मी म्हटलं, नको, तुम्ही फक्त हत्यारं द्या. करवत, रंधा, गुण्या, पटाशी असं एकेक काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं, आणि पटाशी ठेवताना बजावलं की धारेच्या पुढे हात ठेवायचा नाही. आई चुलीपासून म्हणाली, "सुतारीन व्हई राहिनी का आते?" मी म्हटलं, हो.

लाकूड मुकुंदकाकांनी दिलं. सुताच्या रिकाम्या पेट्यांचा त्यांच्याकडे ढीग होता. जीप शनिवारी-रविवारी शाळेच्या आवारात उभी राहायची, आणि आम्ही आठ जणी तिच्याभोवती. खरं काम दोघींचंच होतं, माझं आणि उज्ज्वलाचं. उज्ज्वला माझी मैत्रीण. तिचे वडील बँकेत आहेत, तिचं अक्षर छापल्यासारखं आहे आणि तिला कधी कुणी 'शे'वरून हसलेलं नाही. तिने मापं घ्यायची, मी कापायचं. मुलं कुंपणावर बसून बघायची. पाळणा करताय का, असं एकाने विचारलं. मी त्याला म्हटलं, हो, तुझ्या मापाचा, ये झोप. त्यानंतर तो कुंपणाच्या पलीकडे बसायला लागला.

पहिला रविवार वाया गेला. आम्ही जीपची रुंदी मोजली ती वरून, कठड्यापासून कठड्यापर्यंत. खाली चाकांवर पत्र्याचे उंचवटे असतात हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. चौकट आत उतरवायला गेलो तर ती उंचवट्यांवर जाऊन बसली, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. कुंपणावर फार मजा झाली. उज्ज्वला रडकुंडीला आली होती. मी चौकट खोलली आणि परत कापली. दोन उंचवट्यांच्या मधे तीन लांब खण बसले: एक तंबू आणि दोरांचा, एक भांड्यांचा आणि मधला शिध्याचा. उंचवट्यांवर वळकट्या ठेवल्या की पाठीला टेकायलाही झालं. आणि कापाकापीत डाव्या उंचवट्यामागे, जीप मागून बंद करायच्या फळक्याला लागून एक कोपरा उरला. तिथे आम्ही चौथा खण केला. छोटा, उभट, कुलपाचा. ती चूक झाली नसती तर चौथा खण झालाच नसता.

चौथा खण कशाचा, हे मी उज्ज्वलाला विचारलं नाही आणि तिनेही मला विचारलं नाही. मागच्या वर्षी डुमसला तिची पाळी अचानक आली होती. जवळ काही नव्हतं. ती दिवसभर टपावर ताडपत्री टाकलेल्या गाडीत एकटी बसून राहिली. आम्ही समुद्रात, ती गाडीत. कुणाकडून तरी एक टॉवेल मिळाला होता. आता ह्या खणात स्वच्छ धुतलेल्या कापडांच्या घड्या, पिना, साबण आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवली. किल्ली मी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. प्रमिलाबाईंनी खण बघितला, मान हलवली, आणि यादीत ह्याचं नाव लिहू नकोस एवढंच म्हणाल्या.

खण आधी नीट ओढले जात नव्हते. शिधा भरला की मधला खण तर दोघींनी पाय लावून ओढला तरी हलेना. वडिलांच्या शेडमध्ये तडकलेल्या लाकडी बॉबिन टाकून देतात. सूत गुंडाळायच्या कांड्याच त्या, मधे भोक असलेल्या. मी त्या सळईत ओवल्या आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी खाली बसवल्या. खण त्यांच्यावरून असा धावायला लागला की पहिल्या झटक्याला माझ्या पोटात येऊन बसला. मग मागाचे जुने चामडी पट्टे आणून प्रत्येक खणाला बांधले. मुकुंदकाकांनी आवारात जीप पळवली, कचकन ब्रेक मारला, एकही खण बाहेर आला नाही. कुंपणावरून एक टाळी वाजली. कुणाची ते मी वळून बघितलं नाही. माझी मान तेव्हा फार ताठ होती.

आता मधुकर सरांकडे कारण उरलं नव्हतं. मग त्यांनी नवीन काढलं. आठही मुलींच्या आयांनी येऊन, सगळं बघून होकार द्यायचा. एकीनेही नाही म्हटलं तर जीप निघणार नाही, कारण मुली रात्री बाहेर राहणार म्हणजे जबाबदारी सगळ्यांची. निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी आयांना बोलावलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, नुसतं दाखवू नका, जेवू घाला. तीन दगडांची चूल मांडायची, जीपमधल्याच शिध्यातून जीपमधल्याच पातेल्यात खिचडी करायची आणि आयांना वाढायची.

शनिवारी सकाळी उज्ज्वला आली ती सरळ माझ्या कानाशी. तिला किल्ली हवी होती. मी गळ्यातून काढून दिली. ती शाळेमागे जाऊन आली, किल्ली परत दिली आणि विचारलं की आता मी स्वयंपाकाला हात लावू का. मी म्हटलं, तुला लावायचा आहे का? ती म्हणाली, हो. मी म्हटलं, मग लाव. तिने तांदूळ धुतले, फोडणी तिनेच दिली. खिचडीला असा वास सुटला होता की कुंपणावरची मुलं उतरून आत आली.

आया आल्या. माझी आई भागीरथी धुवट लुगडं नेसून, सगळ्यांच्या मागे. उज्ज्वलाची आई पुष्पाबाई सगळ्यांच्या पुढे. मी खण ओढून दाखवले, पट्टे दाखवले, आठ जणींना वर बसवून दाखवलं. आया एकमेकींना म्हणायला लागल्या की आपल्या घरी असं का नाही. मी बॉबिनचं समजावून सांगत होते आणि मधुकर सरसुद्धा वाकून बघत होते. पत्रावळी मांडल्या. खिचडी वाढली. पुष्पाबाई मात्र पत्रावळ हातात घेऊन जीपपाशीच उभ्या होत्या. त्यांनी चौथ्या खणाच्या कुलपावर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्यात काय आहे.

मी म्हटलं, आमचं सामान. त्या म्हणाल्या, मग कुलूप कशाला, उघड. प्रमिलाबाई काहीतरी बोलायला पुढे आल्या, पण मी खण उघडला. लपवायचं असतं तर मी तो केलाच कशाला असता?

पुष्पाबाईंनी घड्या बघितल्या आणि माघारी सरकल्या. सर लगेच आभाळाकडे बघायला लागले.

"म्हणजे तशा मुलीपण येणार," पुष्पाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, त्यांना तो चढवावा लागतच नाही. "आणि बसणार कुठं? ह्या फळीवर. आणि फळीखाली काय? तांदूळ. अन्नावर बसवणार तुम्ही त्यांना, आणि तेच सगळ्यांना खायला घालणार."

घास हातात घेतलेल्या आयांचे हात तिथेच थांबले. मी उज्ज्वलाकडे बघितलं. ती चुलीपाशी होती, डाव तिच्या हातात, आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत चाललेलं मला दिसलं. मला माहीत होतं की एक वाक्य बोललं की पुष्पाबाई गप्प होतील. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. तुमच्याच मुलीला विचारा. पण ते माझं नव्हतं.

मग मी माझं बोलले.

"काकू, मी आज बाहेरची आहे. तांदूळ मी काढले, मी धुतले, खिचडी मी केली. सकाळपासून ह्याच फळीवर बसले आहे. फळी मोडली नाही आणि खिचडी करपली नाही."

हे सगळं खोटं होतं. पण मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते, आणि दोन पुरुष, सर आणि मुकुंदकाका, आणि निम्मं स्काउट ऐकत होतं. माझे कान तापले होते. मग मी मुद्दाम फळीवर बसले, बरोबर मधे, तांदळावर.

आयांनी पत्रावळी खाली ठेवायला सुरुवात केली. एकीने, मग दुसरीने. पुष्पाबाई मागे वळल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "ऐकलंत ना तुमच्या मुलीचं?"

माझी आई चार माणसांत बोलत नाही. शाळेत तर नाहीच. घरी माझ्या त्या दिवसांत मला दाराशी गोणपाटावर बसवते ती हीच, आणि माझ्या हातचं पाणीही घेत नाही. मला वाटलं आता ती येऊन मला दंडाला धरून घरी नेणार. ती पुढे आलीही. जीपकडे नाही, चुलीकडे. खाली बसली, पत्रावळ समोर ओढली आणि उज्ज्वलाला म्हणाली, "वाढ वं माले. थंडी व्हई राहिनी."

उज्ज्वलाने वाढलं. तिच्या हातातून निम्मी खिचडी बाहेर सांडली. आईने सांडलेलीही उचलून पत्रावळीत घेतली. पहिला घास खाल्ला, आणि मग मान वर न करता पुष्पाबाईंना म्हणाली, "आमनी एकच खोली शे, ताई. खाटवर आम्हीन, खाटना खाले गहू. आजपावत कोणले बाधना नही."

माधवीच्या आईला हसू फुटलं. तिच्याही घरी पलंगाखाली कोठ्या आहेत, सगळ्यांच्याच आहेत. सुरतेत कुणाकडे धान्यासाठी वेगळी खोली आहे? ती माझ्या आईशेजारी बसली. मग एकेक करत बाकीच्या बसल्या. प्रमिलाबाई बसल्या आणि त्यांनी सरांनाही पत्रावळ दिली. सर उभ्यानेच जेवले. घाईघाईने जेवले, पण जेवले.

पुष्पाबाई जेवल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. उज्ज्वलाला घेऊन निघून गेल्या. सरांनी बोट वर करून आठवण करून दिली की आठ म्हणजे आठ. पुष्पाबाई उद्या सकाळी मुलीला घेऊन आल्या तर जीप निघेल, नाही तर सामान उतरवायचं. मी म्हटलं, सर, उतरवायला खण सोपे आहेत. ते ऐकल्या न ऐकल्यासारखं करून गेले.

घरी पोचल्यावर दारात चपला काढताना आई म्हणाली, "मांगला हप्तामां तू गोणपाटवर बठेल व्हती. माले काय ठाऊक नही?"

ती कोण होती, असं तिने विचारलं नाही. मी धीर करून म्हटलं, मग आता गोणपाट काढायचं ना? ती म्हणाली, गोणपाट जागेवर राहील. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघ. आमचं भांडण तिथेच आहे अजून, आणि ते मी सोडलेलं नाही.

सकाळी थंडी होती. मुकुंदकाकांनी जीप आवारात आणून उभी केली. सात जणी चढलो, वळकट्या लावल्या, पट्टे तपासले. सर मनगट वर करून घड्याळ बघत होते. मी सगळ्यात मागे, फळक्यावर पाय सोडून बसले होते. खाली उतरायचं नाही असं मी ठरवलं होतं. सामान उतरवायचं तर आधी मला उतरवावं लागलं असतं.

फाटकातून पुष्पाबाई आल्या. उज्ज्वला त्यांच्या मागे, खांद्याला पिशवी, डोळे सुजलेले. घरी काय झालं ते तिने मला सापुताऱ्याला सांगितलं, पण ते तिचं आहे, ते मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की पुष्पाबाईंना आता माहीत होतं खिचडी कुणाची होती. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात जुन्या मऊ धोतराच्या घड्यांचं एक गाठोडं होतं.

"किल्ली दे," त्या म्हणाल्या.

मी दिली. त्यांनी स्वतः कुलूप काढलं, गाठोडं आत सारलं. ते मावेना, म्हणून वर्तमानपत्रं काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि खण बंद केला. किल्ली परत देताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या की हिला धक्के सोसणार नाहीत, हिला नीट जागा द्या.

"धक्के पुढं कमी लागतात, काकू," मी म्हटलं. "केबिनला टेकून, अगदी मधे. पण तिथं खाली तांदूळ आहेत."

प्रमिलाबाईंनी पुढून मला डोळ्यांनी दटावलं. मी दटावून घेतलं नाही. मी पुष्पाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना ते म्हणावंच लागणार होतं, आणि ते ऐकल्याशिवाय मी पाय वर घेणार नव्हते.

पुष्पाबाईंनी फळीकडे बघितलं. मग उज्ज्वलाच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि माझ्याकडे दिली.

"बसव तिथंच," त्या म्हणाल्या.

उज्ज्वला आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांवरून चढत पुढे गेली आणि बसली. मी पाय वर घेतले, फळकं लावलं. मधुकर सरांनी घड्याळाचा हात खिशात घातला. बारडोलीपर्यंत आम्ही नुसत्या गात होतो. उसाच्या गाड्यांची रांग आडवी आली तेव्हा मुकुंदकाकांनी असा ब्रेक मारला की आम्ही आठही जणी एकमेकींच्या अंगावर पडलो. खण मात्र जागचे हलले नाहीत.